तुमचा डोंगर कोणता?

'कल्चर' हा शब्द आपल्या ऑफिसांमध्ये जितक्या वेळा ऐकू येतो तितका तो टिळक स्मारकातसुद्धा ऐकू येत नसेल. वर्क कल्चर, फीडबॅक कल्चर, कल्चर फिट... इंटरव्ह्यूला आलेला चांगला पोरगा नाकारायचा असेल तर 'कल्चर फिट नाही' एवढं म्हटलं की काम भागतं. मग वर्षातून एकदा येतो एथ्निक डे. नऊवारी, नथी, फेटे, कॅफेटेरियात पुरणपोळी, एचआरची फोटोंसाठी धावपळ आणि साडेचार वाजता फेटा डेस्कवर काढून ठेवून क्लायंट कॉल. निसर्गाशी नातं जोडायचं असेल तर मुळशीच्या रिसॉर्टवर टीम आउटिंग. तिथे प्रत्येकाने एक रोप लावायचं. त्या रोपाचं पुढे काय झालं हे विचारायचं नसतं.

टिंगल करायचा इरादा नाही हं. एथ्निक डेला मीही हौसेने नथ घालते, आणि पुरणपोळी तर दोन खाते. पण गेल्या वर्षी सुट्टीत न्यूझीलंडला जाऊन आले आणि तेव्हापासून या 'कल्चर'चं काहीतरी खटकायला लागलंय.

माझी मावसबहीण क्राइस्टचर्चला असते. सदाशिव पेठेतली पोरगी, सात वर्षांपूर्वी नोकरीसाठी गेली आणि तिथलीच झाली. जॉइन झाली त्या पहिल्याच आठवड्यात ऑफिसात सगळ्या नव्या लोकांना आपापली ओळख माओरी पद्धतीने करून द्यायला सांगितलं. माओरी म्हणजे तिथले मूळ रहिवासी. या ओळखीला 'पेपेहा' म्हणतात. त्यात आधी तुमचा डोंगर येतो. मग तुमची नदी किंवा समुद्र. मग तुमचे पूर्वज ज्या होडीतून आले ती होडी, मग तुमची जमात, तुमचं गाव. नाव येतं सगळ्यात शेवटी. डेझिग्नेशन येतच नाही!

बाईसाहेबांनी पर्वती आणि मुठा सांगून वेळ मारून नेली. पर्वती हा डोंगर की टेकडी, यावर मात्र घरी आल्यावर तिचं आणि नवऱ्याचं भांडण झालं म्हणे. नंतर ती तिथे रुळली, तेव्हा तिथलाच एखादा डोंगर सांगावा असं तिच्या मनात आलं. तर एका माओरी सहकाऱ्याने अगदी सौम्यपणे समजावलं, की 'हा माझा डोंगर' असं बाहेरून आलेल्या माणसाने एकदम म्हणू नये. 'मी या डोंगराच्या सावलीत राहते' असं म्हणावं.

"ताई, मला आधी रागच आला होता," ती म्हणाली, "पण मग वाटलं, बरोबर आहे त्याचं. ते लोक डोंगर आपल्या मालकीचा आहे म्हणून नाही सांगत. आपण डोंगराचे आहोत, म्हणून सांगतात."

हे वाक्य ऐकायला छान आहे. कोणत्याही कंपनीच्या लॉबीत मोठ्या अक्षरांत लावता येईल इतकं छान. पण त्यावर धंदा कसा चालतो, पगार कसे होतात, हे मला कायकोउरात कळलं.

क्राइस्टचर्चहून उत्तरेला गाडीने अडीच तास. एका बाजूला बर्फाचे डोंगर, दुसऱ्या बाजूला समुद्र, मध्ये चिंचोळं गाव. माओरी भाषेत 'काय' म्हणजे खाणं आणि 'कोउरा' म्हणजे शेवंड. म्हणजे गावाचं नावच मुळी शेवंडीच्या जेवणावरून पडलंय. मालवणच्या माणसाला इथे घरच्यासारखं वाटेल. किनाऱ्याजवळच समुद्रतळ एकदम खोल जातो, हजार मीटरहून खोल दरी आहे तिथे. त्या दरीत खाणं भरपूर, म्हणून स्पर्म व्हेल जातीचे अवाढव्य देवमासे वर्षभर इथे सापडतात. ते बघायला जगभरातून लोक येतात आणि त्यांना होडीतून घेऊन जाणारी कंपनी आहे 'व्हेल वॉच कायकोउरा'. माओरींच्या न्गाई ताहू जमातीतल्या काती कुरी या स्थानिक शाखेची.

या लोकांचा इतिहास थोडा सांगायलाच हवा, नाहीतर पुढची गंमत कळायची नाही. 1859 साली ब्रिटिश सरकारने या भागातली सुमारे 28 लाख एकर जमीन काती कुरींकडून 'विकत' घेतली. किंमत 300 पौंड. तीनशे लाख नव्हे, तीनशे. त्याआधीच, 1840 च्या दशकात, गोरे शिकारी इथे देवमासे मारायला येऊन बसले होते. न्यूझीलंडच्या पाण्यात शेवटचा देवमासा मारला गेला तो थेट 1964 साली आणि तोही याच कायकोउराच्या समुद्रात. जमीन गेली, मग उरल्या मजुरीच्या नोकऱ्या. त्यातल्या बऱ्याच रेल्वेत. 1984 नंतर तिथल्या सरकारने अर्थव्यवस्था खुली केली, आपल्याकडे 1991 साली झालं तसंच, पण कितीतरी जास्त झपाट्याने. सरकारी खात्यांमधली माणसं कमी झाली. माओरी याच खात्यांमध्ये जास्त होते, त्यामुळे सगळ्यात मोठी कुऱ्हाड त्यांच्यावर पडली. कायकोउरात रेल्वे गेली आणि घराघरात तरणी पोरं रिकामी बसली.

अशा गावात 1987 साली बिल सॉलोमन आणि इतर काही मंडळींनी डोकं लढवलं. काती कुरी आपल्या पूर्वजांमध्ये पाइकेआ नावाच्या वीराला मानतात. समुद्रात दगाफटका झाल्यावर तो देवमाशाच्या पाठीवर बसून किनाऱ्याला लागला, अशी त्याची कथा. यांचं म्हणणं असं, की देवमाशाने तेव्हा वाचवलं, आताही तोच वाचवेल. कथा म्हणून ठीक आहे हो, पण बँक कथेवर कर्ज देत नाही. तेव्हा चार कुटुंबांनी आपली राहती घरं गहाण टाकली.

होम लोनचा ईएमआय भरणाऱ्या मंडळींनी इथे जरा थांबावं. गावात नोकरी नाही, शहाणी माणसं 'देवमासे बघायला पैसे देऊन कोण येणार' म्हणून हसतायत आणि तुम्ही घराची कागदपत्रं बँकेत ठेवताय. त्यातून काय आलं, तर हवा भरायची एक छोटी रबरी होडी. सुरुवातीचे पर्यटक तिच्यात बसून गेले.

आज कंपनीकडे मोठ्या, आधुनिक बोटी आहेत. त्यांची नावं पाइकेआ, तोहोरा, आओराकी, वावाहिया अशी. तोहोरा म्हणजे देवमासा, आओराकी म्हणजे त्यांचा सगळ्यात पवित्र डोंगर. आणि कंपनीचं ऑफिस कुठे आहे माहितीये? कायकोउराच्या रेल्वे स्टेशनात! रेल्वेने ज्यांना घरी बसवलं त्यांनी स्टेशनच ताब्यात घेतलं आणि वर 'व्हेलवे स्टेशन' अशी पाटी लावली. असा टोमणा मारायला पुणेकरच व्हावं लागतं, असं मला आजवर वाटायचं.

मी गेले त्या दिवशी समुद्र जरा उचललेला होता. (जाणार असाल तर मळमळीची गोळी आधीच घ्या. आणि देवमासा दिसलाच नाही तर ते 80 टक्के पैसे परत देतात.) खलाशांनी पाण्याखाली मायक्रोफोन सोडला आणि तो कानाला लावून देवमाशाची टकटक ऐकत बसले. देवमासा एकदा बुडी मारून गेला की पाऊणेक तास वर येत नाही, त्यामुळे तो कुठे वर येईल याचा अंदाज बांधावा लागतो. ठराविक देवमासे त्यांच्या रोजच्या ओळखीचे असतात, त्यांना नावं आहेत. लांबून बोट थांबते, इंजिन मंद होतं. मग शेपटी वर येते आणि सगळी बोट एकदम गप्प. बोटीवरच्या माणसांनी पाइकेआची गोष्ट सांगितली तेव्हा मला आपल्या ट्रेकवरचा गाइड आठवला, रायगडाची पाठ केलेली गोष्ट सांगणारा. पण इथे फरक होता. गोष्टीतला माणूस सांगणाऱ्याचा खापरपणजोबा होता. गोष्ट चुकली तर घरी आजी विचारणार.

आणि इथेच मला आपलं आणि त्यांचं वेगळेपण दिसायला लागलं. आपल्याकडे कंपनी काढणाऱ्याचं स्वप्न काय असतं? एक्झिट. पाच वर्षं रक्त आटवायचं, व्हॅल्युएशन वाढवायचं, कुणाला तरी विकून मोकळं व्हायचं. एम्प्लॉयीचं स्वप्नसुद्धा तेच, फक्त छोट्या साइझमध्ये: दोन वर्षं झाली की जंप. यात वाईट काही नाही, मीही तीन जंप मारल्यात. पण ज्या जागेतून सगळे निघायच्या तयारीत आहेत तिथे संस्कृती रुजवायची म्हणजे सुटकेसमध्ये तुळस लावण्यासारखं आहे. व्हेल वॉचची मालकी स्थानिक समाजाकडे आणि न्गाई ताहूंकडे आहे. विकून ते जाणार कुठे? डोंगर तिथे, मासा तिथे, पूर्वज तिथल्या मातीत. या एक्झिट नसलेल्या माणसांची कंपनी असल्यामुळे निर्णयही वेगळे होतात. 2014 साली या किनाऱ्यासाठी खास कायदा झाला, देवमाशांचं अभयारण्य आणि सागरी राखीव क्षेत्र जाहीर झालं. त्यासाठी काती कुरींनी मच्छीमारांबरोबर आणि गावातल्या इतरांबरोबर एका टेबलाशी बसून वर्षानुवर्षं वाटाघाटी केल्या होत्या. धंदा ज्याच्यावर चालतो तो मासा नातवंडांनाही दिसला पाहिजे, एवढा साधा हिशेब. तो अवघडही आहे, कारण इथे दिसणाऱ्या देवमाशांची संख्या गेल्या काही दशकांत घटलीय.

या सगळ्याची खरी परीक्षा झाली 14 नोव्हेंबर 2016 ला. मध्यरात्री बारा वाजून दोन मिनिटांनी 7.8 तीव्रतेचा भूकंप झाला. रस्ता आणि रेल्वे दरडींखाली गेले, गावाचा जगाशी संबंध तुटला, शेकडो पर्यटक अडकले. आणि एक अजब गोष्ट झाली: कायकोउराचा समुद्रतळच सुमारे मीटरभर वर उचलला गेला. ज्या छोट्या बंदरातून व्हेल वॉचच्या बोटी सुटायच्या तिथे पाणीच उरलं नाही. बोटी शाबूत, देवमासे शाबूत, पण बोट बाहेर काढायला भरतीची वाट बघायची.

त्या रात्री लोक कुठे गेले? गावाच्या वर टेकाडावर ताकाहांगा नावाचं मराए आहे. मराए म्हणजे समाजाचं सभागृह, देऊळ, चावडी आणि माजघर सगळं एकात. काती कुरींनी त्याचं दार उघडलं ते सगळ्यांसाठीच, माओरी असो की गोरा की बॅकपॅक घेतलेला जर्मन. वीज गेल्यामुळे शेवंडी टिकणार नव्हत्या, त्या थेट मराएच्या स्वयंपाकघरात आल्या. पुढचे कित्येक दिवस रोज हजारभर लोकांच्या पंगती उठल्या. भूकंपात सापडलेल्या परदेशी पर्यटकांच्या पानात फाइव्ह स्टार हॉटेलात परवडणार नाही ती शेवंड! पाहुण्याचा मान राखण्याला माओरीत 'मनाकितांगा' म्हणतात. आपल्या कंपन्यांमध्ये हा शब्द असता तर त्याचं पीपीटी झालं असतं. तिथे तो भांडी घासत होता. ज्या घरांतली माणसं एरवी बोटींवर आणि तिकीट खिडकीवर, त्याच घरांतली माणसं वाढायला उभी.

बंदर खोदून पुन्हा पूर्ववत व्हायला वर्ष लागलं. मुख्य हायवे उघडला 2017 च्या डिसेंबरात. वर्षभर पर्यटक तुरळक, बोटी निम्म्याशिम्म्या. तरीही कंपनी गाशा गुंडाळून दुसऱ्या किनाऱ्याला गेली नाही.

आता इतकं वाचून तुम्ही रेझ्युमे पाठवायला घेतला असेल तर थांबा. मावसबहिणीने मला दुसरी बाजूही ऐकवली. तिच्या ऑफिसातला तो माओरी सहकारी इंजिनीअर आहे. पण पाहुणे आले की स्वागताचं भाषण त्याने करायचं, मीटिंगआधीची प्रार्थना त्याने म्हणायची, पत्रातलं माओरी वाक्य त्यानेच तपासायचं. यातलं काहीही त्याच्या अप्रेझलमध्ये येत नाही. तिकडे या ओझ्यावर आता उघड बोललं जातं. आणि समाजाची कंपनी म्हणजे नोकरी सुरक्षित, असंही नाही. 2020 साली कोविडने पर्यटन थांबलं तेव्हा न्गाई ताहूंच्या पर्यटन कंपनीला शेकडो माणसं कमी करावी लागली. आपल्याच माणसाला आपल्याच माणसाने काढायचं आणि मग एकाच मराएवर एकाच पंगतीत बसायचं. तुमच्या आमच्या एचआरला निदान ही भानगड नसते.

पण फरक राहतोच. न्गाई ताहूंना सरकारकडून 1998 साली माफी मिळाली आणि 17 कोटी न्यूझीलंड डॉलर भरपाई. गेलेल्याच्या मानाने चिल्लर. पण त्यांनी ती वाटून खाल्ली नाही, गुंतवली. 2006 पासून त्यातून त्यांची एक बचत योजना चालते. जमातीतला माणूस पैसे टाकतो, जमात आपल्या बाजूने भर घालते आणि ते पैसे काढायचे शिक्षणासाठी, पहिल्या घरासाठी किंवा म्हातारपणासाठी. कंपनीचा नफा घराच्या डाउन पेमेंटपर्यंत पोचतो. माझा पीएफ बघताना मला कधी कुणा पूर्वजाची आठवण आलेली नाही.

आणि रजा! माओरींमध्ये माणूस गेला की तीन-तीन दिवस सगळे मराएवर एकत्र राहतात, त्याला तांगी म्हणतात. तिथल्या 2003 च्या रजेच्या कायद्यात, दूरच्या माणसासाठी दुखवट्याची रजा द्यायची की नाही हे ठरवताना त्या कर्मचाऱ्यावर रीतीभातीची जबाबदारी आहे का, हेही बघा असं लिहिलंय. इकडे माझ्या एका जुन्या ऑफिसात आत्याच्या दहाव्याला सुट्टी मागितली तर पॉलिसीत 'इमिजिएट फॅमिली'मध्ये आत्या बसत नव्हती. जिने मला लहानाचं मोठं केलं ती. मी सिक लीव्ह टाकली.

'ठीक आहे, न्यूझीलंड आहे ते, आपल्याकडे कुठलं असं?' हे तुम्ही आता विचारणार. आदिवासी मालकीचा उद्योग म्हटलं की आपल्याला मॉलमधले वारली पेंटिंगचे मग आठवतात, जे बहुतेक वेळा कुणा वारल्याने विकलेले नसतात. पण चंद्रपूर जिल्ह्यात गोंडपिपरी तालुक्यात पाचगाव नावाचं गाव आहे, बहुतेक वस्ती गोंडांची. 2006 च्या वनहक्क कायद्याखाली पाचगावने झगडून 2012 साली सुमारे हजार हेक्टर जंगलावरचा सामूहिक हक्क मिळवला आणि बांबूचा धंदा सुरू केला. धंदा ग्रामसभेचा. तोडणारे गावकरी, मोजणारे गावकरी, लिलाव करणारे गावकरी. मजुरी त्यांचीच आणि नफाही त्यांच्याच ग्रामसभेच्या खात्यात. ज्या पोरांना दरवर्षी कामासाठी परमुलखात जावं लागायचं त्यांना हाजरी गावातच मिळायला लागली. सीईओ नाही. निर्णय सगळ्यांच्या संमतीने. मतदान करून बहुमताने नाही बरं का, सगळे हो म्हणेपर्यंत बसायचं. (आमच्या टीमचा लंच कुठे करायचा यावरही अशी संमती आजवर झालेली नाही.) जंगल कसं वापरायचं याचे शंभराहून जास्त नियम त्यांनी स्वतः बसून केले.

त्यातला एक मला फार दिवस डोक्यातून जात नाही. उन्हाळ्यात तेंदूपत्ता म्हणजे जंगलपट्टीत हातात येणारा रोख पैसा, विडीवाल्यांचा माल. पण पानं चांगली यावीत म्हणून फांद्या छाटतात, जंगलात आग लावतात. तेंदूची फळं माणसं खातात, पाखरं खातात, ती मग मिळत नाहीत. पाचगावने तेंदूपत्ता तोडणं बंद केलं. कुणी सरकारी साहेबाने सांगितलं नव्हतं, कुणी अवॉर्ड देणार नव्हतं. मे महिन्यात गरिबाच्या घरात येणारा पैसा, त्या घरांनीच सभेत बसून सोडला. शिवाय जंगलाचा एक तुकडा देवासाठी राखून ठेवला. तिथे बांबूसुद्धा तोडायचा नाही.